रानडुक्कर: माग कसा ओळखायचा, शिकारीची परवानगी कुठे मिळते आणि काय अजिबात करायचं नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं वावर, म्हणजे शेत, यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाला लागून आहे. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, नाला आणि नाल्यापलीकडे सागाचं रान. सोयाबीन, तूर, ओलिताच्या तुकड्यावर हरभरा आणि थोडा भुईमूग, अशी पिकं घेतो. नाल्यातून येणाऱ्या डुकरांचा त्यातला वाटा कधी चुकत नाही. गेली काही वर्षं आसपासच्या शेतकऱ्यांना वनखात्याचे अर्ज लिहून देतो आणि पंचनाम्याला सोबत उभा राहतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत.

महाराष्ट्रात रानडुकराची शिकार कायदेशीरपणे कुठे करता येते?

हौसेसाठी कुठेच नाही. जंगलात नाही, खाजगी शेतात नाही, पडीक रानात नाही आणि स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. पूर्वी काही प्राण्यांसाठी परवाना काढून शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनं तो मार्ग बंद झाला. आजोबांच्या पेटीत शिकारीचा जुना परवाना सापडला म्हणून विचारायला येणारे अजून भेटतात. तो कागद जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर बंदूक उचलू नका.

रानडुक्कर आधी या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत, होतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. अभयारण्याबाहेर विनापरवानगी मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात हाच गुन्हा केला तर शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होते.

आणखी एक लक्षात ठेवा. कायद्याच्या भाषेत 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, कुत्री सोडून किंवा हाका घालून प्राणी हुसकून काढणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत मोडतं. "मेलं तर नाही ना" हा बचाव चालत नाही.

पण पीक खाणारं डुक्कर मारायची परवानगी मिळते, असं ऐकलं आहे. ते खोटं का?

खोटं नाही. कलम ११ (१) (ख) मध्ये सोय आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेशानं त्याची शिकार करू देऊ शकतो. मालमत्ता म्हटलं की त्यात शेतातलं उभं पीक येतं, असं कायद्यातच कंसात लिहिलेलं आहे. शेतकऱ्यांना हा कंस माहीत नसतो, म्हणून मी तो अर्जात दर वेळी मुद्दाम लिहितो.

'लेखी' हा शब्द नीट वाचा. फोनवर "बघून घ्या" म्हणणं ही परवानगी नाही. गावच्या सरपंचानं दिलेला दाखला ही परवानगी नाही. ग्रामसभेचा ठराव अर्जाला जोडायला चांगला, पण ठरावावरून गोळी चालवता येत नाही.

या परवानग्यांवरून मोठे वादही झाले आहेत. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात रानडुकरं मारली गेली, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीरपणे एकमेकांच्या विरोधात बोलले होते. मला दोन्ही बाजू कळतात. रात्रभर जागून सकाळी आडवं झालेलं पीक पाहणाऱ्या माणसाला प्राणिप्रेमाचे धडे द्यायला मी धजणार नाही. पण परवानगी सैल झाली की तिच्या आडून चितळ आणि भेकरही पडतात, हेही आमच्याच भागात डोळ्यांनी पाहिलं आहे.

अर्ज कोणाकडे करायचा आणि त्यात काय लिहायचं?

तुमच्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. रेंज ऑफिस म्हटलं की सगळ्यांना कळतं. महाराष्ट्रात रोही (नीलगाय) आणि रानडुकराच्या बाबतीत हे काम रेंज ऑफिसच्या पातळीवर चालतं, मुंबई-नागपूरला धावायची गरज नाही.

अर्जासोबत सातबारा, पिकाची नोंद आणि नुकसानीचे फोटो लागतात. बंदूक चालवणाऱ्या माणसाच्या शस्त्र परवान्याची प्रत लागते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पाहिजे. मी स्वतः एकदा पोच न घेता आलो. पुढच्या आठवड्यात अर्ज सापडेना, आणि तोवर हरभरा संपला होता.

परवानगी मिळाली तरी ती मोकाट नसते. ठरलेला गट नंबर, ठरलेली मुदत आणि ठरलेला प्राणी. डुक्कर तुमच्या वावरातून जंगलात शिरलं की पाठलाग तिथेच थांबवायचा. पिल्लं सोबत असलेल्या डुकरिणीवर नेम धरू नये, आणि अंधारात नुसत्या हलणाऱ्या झुडपावर तर कधीच नाही. झुडपामागे जागलीला आलेला शेजारी असू शकतो.

माझ्याकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे. मग वेगळी परवानगी कशाला?

हा गैरसमज कोकणात आणि गोव्यात जास्त दिसतो, कारण तिथे ठासणीच्या आणि एकनळी बंदुका घराघरात आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळणारा परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो. वन्यप्राणी मारायचा अधिकार तो देत नाही. तो वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या खात्याकडून मिळतो. दोन्ही कागद खिशात असले तरच तुम्ही कायद्यात आहात.

आवाज करून डुक्कर पळवायला हवेत बार काढावा का, असंही विचारतात. परवान्यातल्या अटी आधी वाचा आणि ठाण्यात विचारून घ्या. निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागू शकतात, हेही हिशेबात धरा. नेमकं पीक पोसायच्या दिवसांत निवडणूक लागली तर बंदुकीवर अवलंबून असलेला शेतकरी मोकळ्या हातानं बसतो.

नुकसान डुकरानंच केलं, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पंचनाम्याला आलेला माणूस खुणा पाहून लिहितो. तुम्ही "डुकरानं खाल्लं" म्हणालात आणि वावरात लेंड्यांचा ढीग रोह्याचा निघाला, तर सगळा अर्ज संशयात जातो.

सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. दव असताना आणि किरणं तिरपी असताना पाऊलखूण उठून दिसते. डुकराच्या खुणेत पुढे दोन खूर असतात, टोकाला बोथट आणि थोडे फाकलेले. त्यांच्या मागे, जरा बाहेरच्या अंगाला, दोन लहान ठसे दिसतात, स्वल्पविरामासारखे. ते मागच्या उपखुरांचे. मऊ मातीत हे मागचे ठसे डुकराचे जवळजवळ नेहमीच उमटतात. चितळाचा खूर निमुळता आणि टोकदार असतो आणि उपखूर फक्त खोल चिखलातच दिसतात. रोह्याचा खूर बराच मोठा. मोठ्या डुकराची खूण उपखूर सोडून साधारण ५ ते ७ सेंटिमीटर भरते. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा दहाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

मग जमीन पाहा. डुक्कर नाकानं उकरतं, पायानं नाही. त्यामुळे माती एका बाजूला ढकलल्यासारखी, नांगराच्या तासासारखी उलटलेली दिसते. भुईमुगात तर सरळ ओळ धरून उकरत जातं. मागच्या साली आमच्या भुईमुगात एका रात्रीत अकरा ओळी उलटल्या होत्या, वेल मुळासकट वर आणि शेंगा साफ. त्या मातीत बोट घातलं तर अजून ओल होती. म्हणजे कळप पहाटेच गेला होता. साळिंदर उकरतं तेव्हा लहान, खोल खड्डे करतं, कंदावर दातांचे स्पष्ट चरे राहतात, आणि नशीब असेल तर एखादा काटा पडलेला मिळतो.

मक्यात डुक्कर ताट छातीनं आडवं करतं आणि मग कणीस खातं. ताट उभं आणि कणसाची सालं व्यवस्थित सोललेली असतील तर ते माकडाचं काम, आणि ते दिवसा झालेलं. उसात डुक्कर बुडखा चावून रस घेतं आणि चोयट्या तिथेच थुंकतं. त्या चघळलेल्या चोयट्यांचा फोटो नक्की काढा. हरभऱ्यात रोही शेंडे खुडतो, झाड उभं राहतं. डुक्कर झाड लोळवतं आणि घाटे चघळून टरफल टाकतं.

विष्ठेवरूनही कळतं. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्याचा ढीग होतो. डुकराची विष्ठा काळपट गोळ्यागोळ्यांची, एकमेकांना चिकटलेली, आणि मोडली तर आत दाण्यांची टरफलं दिसतात.

कळप कुठून येतो हे कसं शोधायचं?

पाण्याच्या बाजूनं सुरुवात करा. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते चिखलात लोळतं. नाल्यात, शेततळ्याच्या कडेला किंवा झिरपणाऱ्या पाइपाखाली अंगाच्या आकाराची लोळण दिसेल, कडेला केसांचे ठसे असतील. लोळून उठलं की जवळच्या झाडाला अंग घासतं. बुंध्यावर वाळलेला चिखल आणि त्यात रुतलेले राठ, काळे, टोकाला फाटलेले केस सापडतात. तो चिखल जमिनीपासून किती उंच आहे, त्यावरून डुक्कर केवढं ते समजतं.

तिथून वावराकडे येणारी वाट एकच असते आणि ती वर्षानुवर्षं बदलत नाही. कुंपणाखाली जमिनीला लागून दबलेलं गवत, खालच्या तारेला अडकलेले केस. ती वाट सापडली की तुमची अर्धी राखण झाली, कारण उपाय सगळ्या धुऱ्यावर करायच्या आधी त्या वीस फुटांत करता येतो.

शेताजवळची डुकरं बहुतेक रात्री येतात. नाक आणि कान तीक्ष्ण, नजर कमजोर. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर ती तुम्हाला कधी दिसणारच नाहीत. कळपात डुकरिणी आणि पिल्लं असतात, मोठा नर बहुधा एकांडा फिरतो. डुकरीण साधारण ११५ दिवसांनी विते, एका वेळी चार-सहा पिल्लं होतात. लहान पिल्लांच्या अंगावर लांबट पट्टे असतात, सहाएक महिन्यांत ते पुसट होऊन जातात. कुठे गवत आणि फांद्या तोडून रचलेला ढीग दिसला तर काठी घालून पाहू नका. व्यायला आलेली डुकरीण असाच ढीग रचून आत बसते.

गावातली काळी डुकरं आणि रानडुकरं यांत फरक कसा करायचा?

रानडुकराच्या मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ उभी असते. थुतरी लांब आणि सरळ, शेपूट सरळ आणि टोकाला गोंडा. मागची बाजू पुढच्यापेक्षा उतरती. गावच्या डुकराची शेपूट बरेचदा वळलेली, पोट सुटलेलं, अंगावर एखादा पांढरा डाग. गावाच्या कडेला संकर झालेली डुकरंही असतात, त्यांच्यात घोळ होतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाळीव डुकराला मालक असतो आणि त्यानं केलेल्या नुकसानीचा विषय ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा. वनखातं त्यात भरपाई देत नाही. उलट बाजूही आहे: "गावचंच होतं" असं समजून रानडुक्कर मारलं तर गुन्हा रानडुकराचाच लागतो.

परवानगीनं मारलेल्या डुकराचं मांस घरी नेता येतं का?

नाही. कलम ३९ प्रमाणे कलम ११ खाली मारलेला प्राणीसुद्धा शासनाची मालमत्ता असतो. खबर द्यायची, पंचनामा होऊ द्यायचा, विल्हेवाट वनखातं लावतं. सुळे काढून ठेवणं, मांस वाटणं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं, यातूनच लोक अडकतात. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मेला तर कलम ११ (२) खाली तो गुन्हा होत नाही, पण तो प्राणीही शासनाचाच. ताबडतोब कळवा.

फास, विष किंवा गावठी बॉम्ब लावून शेत वाचवलं तर?

पीठात किंवा फळात स्फोटक भरून ठेवतात, डुक्कर चावलं की जबडा फुटतो. ते लगेच मरत नाही, दोन-तीन दिवस तडफडत फिरतं. आणि ते आमिष डुकरानंच खावं असं थोडंच आहे? केरळमध्ये मे २०२० मध्ये एक गाभण हत्तीण अशाच स्फोटक भरलेल्या आमिषानं जखमी होऊन नदीत उभी राहिली आणि तिथेच मेली. आपल्याकडे गायी-म्हशींचे जबडे असेच फुटतात. ते उचलायला गेलेल्या लहान पोरांची बोटं जातात.

विषाचंही तसंच. थिमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट पोत्यात बांधून धुऱ्यावर टांगायची पद्धत होती. फोरेटवर डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून देशात पूर्ण बंदी आहे. जुना डबा घरात असेल तर तो वापरू नका आणि दुसऱ्याला देऊही नका.

कुंपणाच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडला तर काय होतं?

माणूस मरतो.

आमच्या शेजारच्या गावात एक सत्तावीस वर्षांचा मुलगा पहाटे पाणी द्यायला गेला. वाट रोजचीच, पण त्या रात्री दुसऱ्याच्या धुऱ्यावर नवी तार ओढलेली होती. सकाळी लोक पोचले तेव्हा त्याची बॅटरी गवतात अजून जळत होती आणि एक चप्पल तारेच्या अलीकडे होती. ज्यानं तार लावली तोही काही वाईट माणूस नव्हता. त्याचा हरभरा वाचवत होता. आता एका घरात कमावता गेला आणि दुसऱ्या घरातला कमावता तुरुंगाच्या आणि कोर्टाच्या वाऱ्या करतो आहे.

विजेच्या खांबावर आकडा टाकला तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी. प्राणी मेला तर वन्यजीव कायदा, आणि त्या भागात फिरणारा वाघ मेला तर सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीतला गुन्हा. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेखाली सदोष मनुष्यवधापर्यंत कलम लागू शकतं. एवढं सगळं एका तारेपायी. कोणी तुमच्या शिवारात अशी तार लावत असेल तर भीड न ठेवता वीज कंपनीला आणि वनखात्याला कळवा. कळवणाऱ्याला गावात बोलणी बसतात, मीही खाल्ली आहेत. तरी कळवा.

मग झटका मशीन चालतं का? तेही करंटच ना?

चालतं, आणि माझ्या मते डुकरावरचा आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय तोच आहे. झटका मशीन सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालतं. ते तारेत सतत वीज सोडत नाही, साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं, आणि तो क्षणाच्या बारीक भागापुरताच असतो. धक्का जोरात बसतो, जीव जात नाही. पण मशीन प्रमाणित असायला हवं. बाजारात कोणी घरगुती लाइनीवर थेट जोडायचं स्वस्त यंत्र देत असेल तर त्याला हात लावू नका.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवरच हवी. ते बहुधा उडी मारत नाही, खालून नाक घालतं. नाकाला झटका बसला की कळप वाट बदलतो. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा तारेखालचं गवत काढायचं. आणि अर्थिंगची सळई ओल्या जागी खोल ठोकायची. उन्हाळ्यात तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं नाही तर मशीन टिकटिक करतं आणि डुक्कर आरामात आत येतं. "मशीन खराब निघालं" म्हणणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांचं मशीन चांगलं असतं, अर्थिंग कोरडं असतं.

अनुदानासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत तुमचं गाव येतं का, ते रेंज ऑफिसात विचारा.

साड्या, केस, भोंगे, करडईची ओळ: यांतलं काय उपयोगी पडतं?

सगळं थोडे दिवस उपयोगी पडतं. जुन्या साड्या धुऱ्यावर बांधल्या की पहिला आठवडा बरा जातो. सलूनमधून आणलेले केस उकरायच्या जागी पसरले तर ते नाकात जातात म्हणून डुक्कर टाळतं, पण एका पावसानं ते मातीत जातात. भोंग्याची जागा आणि आवाज दर दोन-तीन दिवसांनी बदलला तरच त्याचा धाक राहतो. भुईमुगाभोवती करडईच्या चार दाट ओळी पेरल्या तर काट्यांमुळे कळप बिचकतो, शिवाय करडई विकता येते. मला हा उपाय आवडतो, कारण खर्च परत मिळतो. कोकणात दगडी गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) अजून टिकून आहे आणि तो नीट रचला तर त्याला तोड नाही.

जागल करणार असाल तर एकट्यानं करू नका आणि जमिनीवर झोपू नका. उंच माळा बांधा. आमच्या भागात डुकरामागे वाघ येतो.

नुकसानभरपाई कशी मिळते?

नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा रेंज ऑफिसला लेखी कळवा. १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद करा. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो लागतात. पंचनामा होईपर्यंत ते वावर वखरू नका, आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहा. क्षेत्र आणि टक्केवारी लिहिताना तिथेच बोला. सही झाल्यावर बोलून उपयोग नाही.

वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला भरपाई मिळत नाही. वन्यजीव गुन्ह्यात नाव असेल तरीही अडचण येते. म्हणजे फास लावताना सापडलेला माणूस पुढच्या वर्षीची भरपाईही गमावून बसतो.

पीकविम्याबाबतही बदल आला आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून घेण्याचं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यात ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं आहे. विमा काढताना हे संरक्षण तुमच्या जिल्ह्याला लागू आहे का, तेवढं विचारून घ्या.

इतर राज्यांत डुकराला 'उपद्रवी' ठरवलं, मग आपल्याकडे का नाही?

कलम ६२ खाली एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं उपद्रवी, म्हणजे व्हर्मिन, ठरवायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुकराबाबत असं झालं, तेही एका वर्षापुरतं. केरळनं केंद्राकडे तीच मागणी केली, ती मान्य झाली नाही. तेव्हा २०२२ मध्ये केरळनं परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत नेला. मला केरळचा मार्ग जास्त पटतो. शिकार मोकळी होत नाही, पण निर्णय वावराच्या जवळ होतो.

मुलगा अमेरिकेत आहे. तिथे तरी कायदेशीर शिकार करता येते ना?

येते. तिथली डुकरं मुळात बाहेरून आणलेली, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात नेलेल्या पाळीव डुकरांपासून आणि नंतर सोडलेल्या युरोपीय रानडुकरांपासून वाढलेली. त्यामुळे टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला १ सप्टेंबर २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. सरकारी जमिनीवर मात्र लागतो. कॅलिफोर्नियात परवाना लागतोच, आणि जुलै २०२४ पासून दर डुकरामागे वेगळा टॅग घेण्याऐवजी परवान्यावर एकच नोंद घ्यावी लागते.

पण तुमचा मुलगा एच-१बी, म्हणजे नोकरीच्या, किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल, तर थांबा. अशा व्हिसाधारकाला तिथल्या संघीय कायद्यानं बंदूक हाताळायलाच मनाई आहे. त्यातला एक अपवाद म्हणजे त्याच्याकडे तिथला वैध शिकार परवाना असणं. म्हणजे टेक्सासचा मित्र "परवाना लागत नाही, ये" म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं आहे. आपल्या मुलानं तो परवाना आधी काढलाच पाहिजे, आणि वकिलाला विचारून मगच बंदुकीला हात लावला पाहिजे. यात चूक झाली तर व्हिसा जाऊ शकतो.

मारायचं नाही, फक्त पाहायचं आहे. कुठे जावं?

ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर, कुठेही. पाणवठ्यावर बसलात तर वाघ दिसेल न दिसेल, डुकरांचा कळप बहुधा दिसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणावर बसून प्राणी पाहायला परवानगी देतं, त्याची नोंदणी आधी करावी लागते. चांदण्यात आई पुढे, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं मागे ओळीनं पाण्यावर येतात, ते दृश्य मी वावरातल्या सगळ्या नुकसानीनंतरही विसरू शकलेलो नाही.

समोरासमोर डुक्कर आलं तर?

त्याची वाट अडवू नका. बहुतेक डुक्कर पळायलाच बघतं. बाजूला व्हा, धुऱ्यावर किंवा झाडावर चढा, कुत्रं अंगावर सोडू नका. जखमी डुक्कर आणि पिल्लंवाली डुकरीण धावून येतात. सुळ्याचा वार बहुधा मांडीवर बसतो आणि रक्त खूप जातं. कापडानं घट्ट दाबून धरा, दवाखान्यात न्या, धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन विचारून घ्या. दवाखान्याची नोंद जपा, भरपाईला तीच लागते.

शेतात मेलेलं डुक्कर सापडलं तर?

हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, १९२६ वर कळवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आहे. माणसाला तो होत नाही, पण पाळीव डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. गावात कोणी वराहपालन करत असेल तर त्याला त्याच दिवशी सांगा.

अर्जाचा नमुना मिळेल का?

मी हाच वापरतो, नाव-गाव घालून घ्या:

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी. विषय: रानडुकरांमुळे उभ्या पिकाच्या नुकसानीची भरपाई, व कलम ११ (१) (ख) खाली परवानगी मिळणेबाबत. महोदय, मौजे ____ येथील गट नं. ____ मधील ____ पिकाचे दि. ____ च्या रात्री रानडुकरांच्या कळपाने अंदाजे ____ आर क्षेत्रात नुकसान केले आहे. उपखुरांसह पाऊलखुणा, नाकाने उकरलेली माती व विष्ठा जागेवर आहे, फोटो सोबत जोडले आहेत. कळपाची वाट शेताच्या ____ बाजूने आहे. पंचनामा होईपर्यंत जागा तशीच ठेवत आहे. तरी जागेवर येऊन पंचनामा करावा, ही विनंती."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर पोच घ्या.